बारावं पान

१

काकूंच्या नजरेतून चूक सुटत नाही, हे मंडळात सगळ्यांना माहीत होतं. कुणाला माहीत नसलंच तर काकू स्वतः सांगत. एकतीस वर्षं त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासली होती. टेलिफोन डिरेक्टरी, गाड्यांची वेळापत्रकं, लॉगॅरिथमचे तक्ते, असली डोळे फोडणारी कामं मालक निर्धास्तपणे त्यांच्या टेबलावर आणून टाकायचे. "कवितेची पुस्तकं कुणीही तपासेल," काकू म्हणायच्या, "त्यात चूक राहिली तर वाचणाऱ्याला वाटतं काहीतरी खोल आहे. आकड्यांचं तसं नसतं."

मंडळ म्हणजे पाटीवाल्यांचं मंडळ. पाटी हा एक जुना घरगुती कॉम्प्युटर. कंपनीनं त्याला भारदस्त नाव दिलं होतं, पण कंपनी बुडाली, नावही तिच्याबरोबर गेलं, आणि नादिष्ट लोकांनी ठेवलेलं पाटी हेच नाव उरलं. काळा, चपटा, कळा रबराच्या. टीव्हीला जोडायचा, आणि काम साठवायला साधा कॅसेट प्लेअर. आज मनगटावरच्या घड्याळातसुद्धा त्याच्या हजारपट अक्कल असते. पण ज्यांना त्याचा नाद लागला त्यांचा तो सुटला नाही. दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या मागच्या हॉलमध्ये पंधराएक जण आपापली पाटी टॉवेलात गुंडाळून आणत आणि दुपारपर्यंत तिच्या पोटात डोकं घालून बसत. मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. दाढ आणि पाटीचा बोर्ड ते एकाच चिमट्यानं दुरुस्त करतात, अशी त्यांची चेष्टा चाले. ते हसत, पण नाही म्हणत नसत.

जुन्या काळी पाटीचे प्रोग्रॅम मासिकांत छापून यायचे. पानंच्या पानं नुसते आकडे, त्याला लिस्टिंग म्हणत. ते घरी बसून एकेक टाइप करायचे. एक आकडा चुकला की सगळं मुसळ केरात. म्हणून हे काम जोडीनं करायची पद्धत पडली, आणि मंडळानं ती अजून पाळली होती. एकानं वाचायचं, एकानं टाइप करायचं. वाचणाऱ्यानं पडदा बघायचा नाही, टाइप करणाऱ्यानं कागद बघायचा नाही. पंचावन्न आणि पंचाहत्तरचा घोळ नको म्हणून आकडे सुटे वाचायचे. ओळ संपली की पाटी त्या ओळीची बेरीज दाखवते, ती टाइप करणाऱ्यानं मोठ्यानं सांगायची आणि वाचणाऱ्यानं कागदावरच्या बेरजेशी ताडून बघायची. काम चालू असताना कुणाशी बोलायचं नाही, फोन घ्यायचा नाही.

काकू वाचणाऱ्या, काका टाइप करणारे. लग्न झाल्यापासून हीच वाटणी. पहिल्या बिऱ्हाडात, एका खोलीत, संध्याकाळी करायला दुसरं काही नव्हतं तेव्हा काकांनी ही पाटी घरी आणली होती. "दोन, एक, चार. स्वल्प," काकू वाचायच्या, कारण छापखान्यात स्वल्पविरामाला स्वल्पच म्हणत. काकांची बोटं कळांवर पळायची आणि घसरलेला चष्मा ते मनगटाच्या मागच्या बाजूनं वर ढकलायचे, दुसऱ्या हाताची बोटं कळांवरून न उचलता. काकू त्यांच्या प्रेमात पडल्या त्या खरं तर लग्नानंतर, आणि त्या मनगटामुळे.

२

आता काका विसरायला लागले होते.

सुरुवातीला किल्ल्या आणि तारखा. मग शेजाऱ्यांची नावं. मेंदूच्या डॉक्टरांनी सगळं बघून झाल्यावर सांगितलं होतं, "हातांना येतं ते डोक्यातून शेवटी जातं. हातांना जे जमतं ते रोज करू द्या. आणि काय काय विसरतात ते एका वहीत लिहून ठेवा."

काकूंना असं काहीतरी हवंच होतं. रडत बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी त्याच रविवारी दातांच्या डॉक्टरांना गाठलं. "मोठी लिस्टिंग द्या एखादी. रोज पुरेल अशी."

डॉक्टरांनी कपाटातून एक मासिक काढलं. एका बंद पडलेल्या छापखान्याच्या गोदामात ते मिळालं होतं. मासिकाचा शेवटचा अंक. छापून झाला, पण मासिक बंद पडल्यामुळे बाजारात गेलाच नाही. त्यात बारा पानांची एक लिस्टिंग होती. प्रोग्रॅम कशाचा आहे हे जिथं सांगितलं असेल ते पान वाळवीनं खाल्लं होतं. शेवटचं, बारावं पानही फाटून गेलेलं.

"अकरा पानं आहेत, काकू. पुरी झाली तरी चालेल की नाही कोण जाणे. आमच्यापैकी कुणाला एवढा धीर नाही."

"मला आहे," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी अकराला दोघं जेवणाच्या टेबलाशी बसू लागले. काकांसमोर पाटी आणि टीव्ही. टीव्हीची पाठ काकूंकडे. काकूंच्या हातात मासिक. रोज तीस ओळी, मग कॅसेटवर साठवायचं, मग चहा. साडेबाराला मुलीचा फोन. मुलगी दुसऱ्या शहरात राहायची, तिथल्या शाळेत मुख्याध्यापिका होती आणि आईवडिलांशीही तशीच बोलायची. "बाबांनी फिरायला जायला हवं. आई, तू वेळेवर जेवतेस ना? खरं सांग."

काका खुलले. पाटीसमोर बसले की पाठ ताठ व्हायची. बोटं चुकायची नाहीत. पाटीच्या कळा रबराच्या असल्यामुळे वाजत नाहीत, पण दर कळेला आतल्या इवल्याशा भोंग्यातून एक टिक येते. काकू वाचत, टिका येत, ओळीमागून ओळ जाई.

"बेरीज?"

"एक, शून्य, चार, सात."

"जुळली."

दहाव्या की अकराव्या दिवशीची गोष्ट. काकूंनी वाचलं, "एक, नऊ," आणि मध्येच ठसका लागला म्हणून थांबल्या. तेवढ्यात त्यांना ऐकू आलं, की राहिलेल्या आकड्याची टिक वाजली. मग स्वल्पाची. मग पुढच्या आकड्याच्या तीन.

काकूंनी पाणी प्यायल्यावर ओळ पुरी वाचली. टिका अगोदरच थांबल्या होत्या. काका शांतपणे वाट बघत बसले होते.

"बेरीज?"

काकांनी सांगितली. ती जुळली.

३

काकूंच्या मनात पाल चुकचुकली, पण पाल चुकचुकली म्हणून भिणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. त्यांनी पडताळा घ्यायचं ठरवलं.

पहिली शंका, की काका कागद बघतात. पण मासिक काकूंच्या हातात, मधे टीव्हीचा खोका, आणि काकांचा चष्मा जवळचा, त्यातून टेबलापलीकडचं वर्तमानपत्राच्या मथळ्यातलं अक्षरसुद्धा लागत नाही. तरी दुसऱ्या दिवशी काकूंनी मासिकाला जाड पुठ्ठ्याचं कव्हर घातलं.

दुसरी शंका, की काका अंदाज करतात. म्हणून काकूंनी ओळीचा पहिला आकडा वाचला आणि गप्प बसल्या. पंख्याचा आवाज, खाली रस्त्यावर कुणीतरी दुचाकीला किका मारतंय, आणि टेबलावर टिक, टिक, टिक. काकू बोट ठेवून मोजत होत्या. जेवढे आकडे कागदावर, तेवढ्याच टिका. ना एक कमी, ना एक जास्त.

"बेरीज?" काकूंचा आवाज जरा बारीक झाला.

"आठ, सहा, दोन."

कागदावर आठशे बासष्ट.

"अहो, तुम्हाला कसं कळतं पुढं काय आहे?"

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. कुणी चालताना विचारावं, की पुढचं पाऊल कसं टाकता, तसा त्यांचा चेहरा झाला. "तू वाचतेयस की," ते म्हणाले.

रविवारी काकूंनी हे दातांच्या डॉक्टरांच्या कानावर घातलं. डॉक्टर त्या वेळी एका पाटीच्या कळा साबणाच्या पाण्यात बुचकळत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि समजूतदारपणे मान हलवली. "सोपं आहे, काकू. ही लिस्टिंग काकांनी तरुणपणी एकदा टाइप केली असणार. डोकं विसरलं, हात विसरले नाहीत. मेंदूचे डॉक्टर हेच तर म्हणाले होते."

काकूंच्या डोक्यावरचं ओझं एकदम उतरलं. इतकं साधं कसं सुचलं नाही म्हणून त्यांनी स्वतःलाच नावं ठेवली. जिना उतरून रस्त्यावर आल्यावर, काकांचा हात धरून सिग्नलला उभ्या असताना, त्यांना आठवलं की तो अंक बाजारात गेलाच नव्हता.

सिग्नल बदलला. काकूंनी रस्ता ओलांडला. एखादी प्रत बाहेर गेली असेल, त्यांनी ठरवून टाकलं. छापखान्यातून काय काय बाहेर जातं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं?

४

मुलगी सुट्टीत आठ दिवस राहायला आली. ते आठ दिवस पाटी कपाटावर होती. मुलीनं आल्या आल्या फ्रिज आवरला, औषधांच्या डब्यावर वारांची नावं चिकटवली आणि वडिलांशी पत्ते खेळली. काका तिला नावानं हाक मारत होते. एकदा तर लबाडीही केली त्यांनी पत्त्यात, आणि तिघं पोट धरून हसले.

"बाबा बरे आहेत की गं," मुलगी निघताना दारात म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "तू उगाच घाबरवतेस फोनवर."

ती गेल्यावर काकूंनी वही काढली. मेंदूच्या डॉक्टरांसाठी काय विसरले ते लिहायची वही, आणि तिच्याच समासात, जागा वाया नको म्हणून, त्या दिवशी किती ओळी झाल्या तेही लिहिलेलं. त्या आठ दिवसांत समास कोरा. आणि पानही कोरं. काका काहीच विसरले नव्हते.

काकूंनी मागची पानं उलटली. मुद्रितं तपासताना त्या बोटाखाली पट्टी सरकवत जायच्या तशी पट्टी घेतली. तीस ओळी, बुटांचे बंद बांधणं. तीस ओळी, काकांच्या कारखान्यातल्या जुन्या साहेबांचं नाव. एक दिवस ताप होता म्हणून ओळी नाहीत. त्या दिवशी विसरणंही नाही. तीस ओळी, पडद्याची गोष्ट.

पडद्याची गोष्ट म्हणजे काकांचा हुकमी एक्का. पहिल्या बिऱ्हाडात त्यांनी खिडकीसाठी कापड आणलं ते वीतभर कमी पडलं. काकू चिडल्या. काकांनी तो पडदा वर न लावता खालून लावला, म्हणजे खालची खिडकी झाकलेली आणि वर वीतभर आभाळ उघडं. "आभाळाला कशाला लपवायचं?" असं म्हणाले होते. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट शंभर वेळा सांगून झाली होती. पंधरवड्यापूर्वी काकूंनीच ती काढली, तर काका परक्याच्या घरची हकिकत ऐकावी तसे ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "हुशार होता हो तो माणूस."

काकूंनी वही मिटली. योगायोग असतात. ज्या दिवशी आकड्यांचं काम नसतं त्या दिवशी डोकं थकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यांनी दुसऱ्या दिवशी मुद्दाम बसायचं ठरवलं, हा संशय एकदाचा निकालात निघावा म्हणून. तीस ओळी झाल्या. साडेबाराला मुलीचा फोन आला. काकांनी तो कानाला लावला, ऐकलं, आणि फोनवर हात ठेवून काकूंना हळूच विचारलं, "ही कोण बोलतेय?"

त्या रविवारी काकू मंडळात गेल्या त्या कॅसेट डॉक्टरांच्या हवाली करायला. पुरे झालं, डॉक्टर, असं म्हणायचं वाक्य त्यांनी वाटेत दोनदा घोटलं होतं. काकांना त्यांनी दाराजवळच्या खुर्चीत बसवलं. पण डॉक्टरांनी ते वाक्य बोलूच दिलं नाही. कॅसेट हातात पडताच त्यांनी ती मोठ्या टीव्हीला जोडलेल्या पाटीत चढवली. "अर्धवट प्रोग्रॅम चालत नाही, पण बघू तर," ते म्हणाले. कॅसेटची किरकिर हॉलभर घुमली. सगळे आपापलं काम टाकून जमले.

"काकू, चालतंय! अहो चालतंय!"

पडद्यावर एक खोली उमटत होती. पाटीला चित्रं काढता येतात ती चौकोनी ठोकळ्यांची. जमीन, भिंत, एक टेबल, दोन खुर्च्या, कोपऱ्यात पाळण्यासारखं काहीतरी. ओळीओळीनं वरपासून खालपर्यंत खोली भरत गेली आणि थांबली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक जण म्हणाला, खेळ असणार, आता पात्र यायला हवं.

"खिडकी चुकलीय मात्र," डॉक्टर हसत म्हणाले. "पडदा खालून लावलाय बघा. वरचा भाग उघडाच राहिलाय. काढणाऱ्याचं गणित चुकलं."

काकूंनी मान डोलावली. खिडक्या सगळीकडे सारख्याच असतात, त्यांनी स्वतःला बजावलं. मग कॅसेट मागून घेतली, पर्समध्ये घातली आणि पर्सची चेन दोनदा ओढून पाहिली.

५

सोमवारी अकराला काकूंनी पाटी काढली नाही.

काका टेबलाशी येऊन बसले. थोडा वेळ थांबले. मग रिकाम्या टेबलावर त्यांची बोटं चालायला लागली. टिका नव्हत्या, नुसता लाकडावर नखांचा आवाज. साडेबारा झाले, दोन झाले, जेवण गार झालं. बोटांची टोकं लाल झाली तरी ते थांबेनात. काकूंनी हात धरले तर काका लहान मुलासारखे रडले. मंगळवारी तेच. बुधवारी एका नखातून रक्त आलं.

कॅसेट पुसून टाकावी, असं बुधवारी दुपारी काकूंच्या मनात आलं. प्लेअरमध्ये घालायची, रेकॉर्डचं बटण दाबून तिच्यावर नुसती शांतता भरायची, वीस मिनिटांचं काम. कॅसेट त्यांच्या हातात होती. पण मग तो पडदा, तो पाळणा, मुलीचं नाव, हे सगळं जिथं कुठं गेलं होतं तिथूनही जाईल, हा विचार आला आणि त्यांना ती कॅसेट जपून कपड्यांच्या कपाटात ठेवावी लागली. असला खुळा विचार आपण केला याचा त्यांना राग आला. तरी कॅसेट त्यांनी लोकरीच्या शालीत ठेवली.

रात्री अंथरुणात त्यांना उपाय सुचला आणि सुचल्यावर त्या स्वस्थ झोपल्या. काकांना बसायचंय ना? बसू दे. अकराव्या पानाच्या थोड्याच ओळी उरल्यात. वाचणारी मी आहे. मी चुकीचं वाचेन. एक आकडा चुकला की सगळा प्रोग्रॅम मातीत जातो. काकांच्या हाताला काम मिळेल, आणि काम पुढं सरकणार नाही. एकतीस वर्षांत जे केलं नाही ते करायचं, एवढंच.

गुरुवारी अकराला त्यांनी पाटी मांडली आणि शालीतली कॅसेट काढून तिच्यात चढवली. काकांचा चेहरा उजळला. काकूंनी पुठ्ठ्याच्या कव्हरातलं मासिक उघडलं. कागदावर होतं एक, चार, सात.

"एक, चार, सहा," काकूंनी ठणठणीत वाचलं. "स्वल्प."

टिका केव्हाच वाजून गेल्या होत्या. काकूंनी ओळीतले आणखी तीन आकडे चुकीचे वाचले.

"बेरीज?"

"एक, शून्य, नऊ, तीन."

कागदावर एक हजार त्र्याण्णव होती.

टीव्हीच्या खोक्यामागून काकांचा आवाज आला, पूर्वीचा, भरदार, किंचित चेष्टेचा. "सात आहे ते. नीट वाच गं."

६

काकूंनी पुढं वाचलं नाही. मासिक मांडीवर मिटलं. टिका चालू राहिल्या.

अकराव्या पानाच्या ओळी त्यांना तोंडपाठ नव्हत्या, पण किती उरल्यात ते माहीत होतं. चौदा. टिका ऐकत त्या बसून राहिल्या. दर ओळीच्या शेवटी काका थोडं थांबत, बेरीज सांगत, कुणी जुळली म्हणण्याएवढा वेळ देत आणि पुढं जात. चौदा ओळी झाल्या. अकरावं पान संपलं. बारावं पान जगात कुठंही नव्हतं.

टिक, टिक, टिक. टिक.

मासिक टेबलावर ठेवून काकू उठल्या. चाळीस वर्षांत त्यांनी वाचताना पडदा पाहिला नव्हता. टेबलाला वळसा घालून त्या काकांच्या मागे उभ्या राहिल्या.

पडद्यावर आकड्यांच्या ओळी नव्हत्या, तळाशी फक्त बेरीज. वर खोली होती. खालून लावलेला पडदा, वर वीतभर पांढरं आभाळ. आणि खोलीतल्या एका खुर्चीत, टेबलाशी, आठ-दहा ठोकळ्यांचं कुणीतरी वाकून बसलेलं. काका एकेक ओळ टाइप करत होते आणि त्या आकृतीत एकेक चौकोन वाढत होता. आता खांदा. आता कोपर. दुसरी खुर्ची रिकामी होती.

काकांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. तो त्यांनी वर केला नाही. कितीतरी दिवसांत केला नव्हता, हे काकूंच्या आत्ता लक्षात आलं. काकांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. चेहरा प्रसन्न होता आणि अगदी मोकळा.

"कोण पाहिजे आपल्याला?" त्यांनी आदबीनं विचारलं.

काकूंनी भिंतीवरच्या बटणाकडे हात नेला. एक बटण दाबायचं, पाटी बंद, कॅसेटवर न चढलेलं सगळं पुसलं जाणार. बोट बटणावर टेकलंसुद्धा. आणि त्याच क्षणी पडद्यावरच्या त्या चौकोनांनी हात उचलला, आणि मनगटाची मागची बाजू नाकाजवळ नेऊन वर ढकलली.

काकूंचं बोट बटणावरून आपोआप खाली आलं. त्यांना भीती वाटत होती, खूप वाटत होती, पण तिच्याबरोबर आणखीही एक गोष्ट वाटत होती आणि ती जास्त होती. त्या खोलीत हा माणूस एकटा बसला होता, समोरची खुर्ची रिकामी ठेवून.

"उठा," काकू म्हणाल्या. आवाज छापखान्यातल्यासारखा स्वच्छ होता. "इकडे या. माझ्या जागेवर बसा."

काका आज्ञाधारकपणे उठले आणि टेबलापलीकडे जाऊन बसले. काकू पाटीसमोर बसल्या. रबराच्या कळा अजून काकांच्या बोटांनी कोमट होत्या. काकूंना टाइप करायची सवय नव्हती, दोन बोटांनी केलं तरी चालणार होतं. आकडा त्यांच्या हातून चुकायचा नव्हता.

"आता तुम्ही वाचा," त्या म्हणाल्या.

काकांसमोर मासिक मिटलेलं होतं. त्यांनी ते उघडलंही नाही. जरा खाकरले, आणि टीव्हीच्या खोक्यापलीकडून आवाज आला, ठाम, न अडखळणारा.

"दोन, एक, चार. स्वल्प."

काकूंनी कळ दाबली. टिक.

एक ओळ झाली, दोन झाल्या. बेरजा जुळत होत्या. सहाव्या ओळीला रिकाम्या खुर्चीत एक चौकोन उमटला. काकूंनी तो पाहिला आणि पाठ ताठ करून त्या नीट बसल्या.

साडेबाराला फोन वाजला. काकूंनी टेबलाच्या कोपऱ्यात नजर टाकली. फोनवर एका बाईचा फोटो लागला होता. चाळिशीकडे झुकलेली, हसरी, जरा करड्या शिस्तीची दिसणारी. नाक कुठंतरी पाहिल्यासारखं वाटत होतं. कुणाची लेक आहे कोण जाणे, काकूंच्या मनात आलं, पण गुणी दिसते. फोन बराच वेळ वाजत राहिला. काम चालू असताना फोन घ्यायचा नाही, हा नियम होता. त्यांनी तो उचलून पालथा ठेवला.

"बेरीज?" काकांनी विचारलं.

काकूंनी पडद्यावर पाहून सांगितली.

"जुळली," काका म्हणाले. "पुढं घे."